नगरपालिकांचा सामायिक विमा: लाभांश कधी, भुर्दंड कधी?

पालिकेच्या गाडीला अपघात झाला किंवा खड्ड्यात पडलेल्या नागरिकाने दावा ठोकला, तर भरपाई कुठून येते? अमेरिकेत अनेक लहान शहरं यासाठी एकत्र येऊन ‘पूल’ म्हणजे सामायिक विमा निधी चालवतात. मिनेसोटातील शहरांच्या संघटनेने असा निधी १९८० मध्ये सुरू केला.

पैसा कसा फिरतो?
प्रत्येक शहर आपली मालमत्ता, वाहनं, कर्मचारी आणि जुने दावे यांनुसार हप्ता भरतं. त्यातून दावे, पुनर्विमा आणि कारभाराचा खर्च भागतो. राखीव रक्कम बाजूला ठेवूनही पैसे उरले, तर ते लाभांश म्हणून शहरांना परत मिळतात. पण एका मोठ्या वादळाच्या वर्षात हा लाभांश आटू शकतो. म्हणून बजेट त्याच्या भरवशावर आखणं धोक्याचं.

उलटं घडलं तर?
ब्रिटनमधील स्थानिक संस्थांनी १९०३ मध्ये उभारलेल्या ‘म्युनिसिपल म्युच्युअल’ने तोट्यामुळे १९९२ मध्ये नवा विमा देणं थांबवलं. तरी ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडलेल्या कामगारांचे जुने दावे येतच राहिले. शेवटी विम्यापोटी मिळालेल्या रकमेचा काही भाग या संस्थांकडूनच वसूल झाला: आधी १५ टक्के, २०१६ मध्ये २५ टक्के.

थोडक्यात, निधी सगळ्यांचा असतो, तसा तोटाही सगळ्यांचा. आणि तो शेवटी करदात्याच्या खिशातून जातो.