बंजारा समाजाची काशी पोहरादेवी आता पर्यटनस्थळ होतेय, गावाला त्यातून काय मिळू शकतं?

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचं मंदिर इथे असल्यामुळे देशभरातला बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. रामनवमीला महाराष्ट्रासोबत तेलंगणा, कर्नाटक आणि आंध्रातून लाखो भाविक येतात, होमात तूप-नारळ अर्पण करतात, नवस फेडतात. यात्रा संपली की गाव पुन्हा आपल्या नेहमीच्या लयीत येतं.

ही लय बदलायचा सरकारचा प्रयत्न आहे. डिसेंबर २०१८ मध्ये इथे नंगारा या बंजारा वाद्याच्या आकाराच्या संग्रहालयाचं भूमिपूजन झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सेवालाल महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं आणि ५९३ कोटींच्या विकासकामांचा नारळ फुटला. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'बंजारा विरासत' या चार मजली, १३ दालनांच्या संग्रहालयाचं उद्घाटन केलं. म्हणजे आता केवळ नवस फेडायला नाही, तर बघायला आणि समजून घ्यायलाही लोकांनी यावं, तेही वर्षभर, अशी अपेक्षा आहे.

इथेच 'शाश्वत पर्यटन' हा शब्द येतो. भाषणांत तो झाडं लावणं आणि प्लास्टिकबंदी एवढ्यावरच उरकला जातो. खरं तर त्यात पर्यावरणाइतकाच यजमान गावाचाही विचार असतो. पर्यटकानं खर्च केलेल्या शंभर रुपयांतले गावात किती थांबले? हॉटेल बाहेरच्याचं, गाडी बाहेरची, प्रसादाचं साहित्य आणि खेळणी शहरातल्या घाऊक बाजारातली असतील, तर गावाच्या वाट्याला गर्दी आणि कचराच येतो.

तांडा रिकामा असतो तेव्हा

पोहरादेवीसाठी हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, कारण वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. शेती बहुतेक पावसावरची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक तांड्यांमधली कुटुंबं ऊसतोडीला जातात, काही पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. परततात ती मार्च-एप्रिलमध्ये, साधारण रामनवमीच्या सुमारास.

आता गंमत बघा. विदर्भात फिरायला सगळ्यात बरा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमकी तेव्हाच ज्यांची संस्कृती बघायला पर्यटक येणार, त्यांच्यातली बरीच माणसं उसाच्या फडात असतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरलेल्या लमाणांचा इतिहास दालनांत मांडता येतो, पण त्यांच्या आजच्या स्थलांतरावर उपाय सापडला तरच हे पर्यटन शाश्वत म्हणता येईल. सहा महिने गाव सोडावं लागणार नाही इतकी कमाई किती घरांना मिळाली, हा हिशोब तिकीटविक्रीच्या आकड्यापेक्षा मोलाचा आहे.

असं झाल्याची उदाहरणं महाराष्ट्रात आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास समुद्रकासवांच्या पिल्लांसाठी ओळखलं जातं. तिथे कासव महोत्सवाला आलेले पर्यटक गावकऱ्यांच्याच घरात राहतात, त्यांच्याच हातचं जेवतात. तांड्यातल्या घरांनाही हे जमण्यासारखं आहे. पर्यटन विभागाच्या 'आई' धोरणात महिलांना पर्यटन व्यवसायासाठी १५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळू शकतो. अर्थात, ज्या घरातली बाई कोयता घेऊन बाहेरगावी गेली आहे तिच्यापर्यंत ही माहिती पोहोचवणं हे वेगळं काम आहे.

हस्तकलेचंही तसंच. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला जीआय मानांकन आहे. आरसे, कवड्या आणि रंगीत धाग्यांचं तेच भरतकाम विदर्भातल्या तांड्यांमधल्या आज्या-आत्याही करत आल्या आहेत, पण या कामाची ओळख बाजारात संडूरइतकी झालेली नाही.

आणखी एक काम इथल्या तरुणांइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार नाही, ते म्हणजे गाईडचं. तेलंगणातून आलेला भाविक बाहेर तेलुगू बोलत असेल आणि कर्नाटकातला कन्नड, पण दोघांच्या घरात गोरबोलीच असते. गोरबोली आणि मराठी दोन्ही येणारी मानोऱ्यातली पोरगी या दोघांना आणि पुण्याहून आलेल्या कुटुंबालाही तेवढ्याच सहज संग्रहालय दाखवू शकते.

पाणी आणि गर्दी

रामनवमी येते ऐन कडक उन्हात. वाशीम जिल्ह्यात काळ्या बसाल्टचा खडक, त्यात पाणी मुरतं कमी आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. अशा वेळी एका ग्रामपंचायतीच्या गावावर लाखोंचं पाणी, शौचालयं आणि कचरा यांचा भार पडतो. साताऱ्याच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग करून रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवतात. श्रद्धेच्या यात्रेला असं कुंपण घालता येत नाही आणि घालूही नये. पण यात्रेचे दिवस सोडून इतर वेळी लोक येऊ लागले, तर गावाला पैसा मिळेल आणि पाण्यावरचा ताणही एकदम पडणार नाही.

त्यासाठी पर्यटकानं जवळपास मुक्काम करायला हवा. तेवढं बघण्यासारखं आसपास आहे. समृद्धी महामार्गालगतचं कारंजा लाड हे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, त्याच तालुक्यात काळवीटांसाठी राखलेलं कारंजा-सोहोळ अभयारण्य, आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर. रेल्वेनं यायचं असेल तर अकोला-पूर्णा मार्गावर वाशीम स्थानक आहे, तिथून पुढे मानोऱ्यामार्गे रस्त्यानं. समृद्धीवरून येणाऱ्यांनी कारंज्याला उतरावं. पाऊस ओसरल्यानंतर, दिवाळीच्या पुढे आलात तर ऊनही कमी लागेल आणि संग्रहालयही निवांत बघून होईल.