एकशे विसावे पान

खांदेश्वर हे हार्बर मार्गावरचे शेवटून दुसरे स्थानक. डब्यात निवांत बसायला जागा मिळते, तोवर उतरण्याची वेळ झालेली असते. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी महाविद्यालयातून परतताना बेलापूरनंतर अशीच जागा मिळाली आणि शेजारी वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी भ्रमणध्वनीवर पत्ते मोडत बसलेला दिसला. 'मोडत' हा शब्द त्याचाच. २०१४ साली बाजारात आलेल्या 'हार्थस्टोन' या संगणकीय पत्तेखेळात नको असलेले पान मोडता येते. मोडलेल्या पानाची 'डस्ट' म्हणजे भुकटी होते आणि पुरेशी भुकटी साठली की हवे ते पान घडवता येते. साधे पान मोडले तर पाच एकक भुकटी मिळते. तेच पान घडवायला चाळीस लागतात. सर्वांत दुर्मीळ पान मोडले तर चारशे आणि घडवायचे तर सोळाशे. "आठ मोडली की एक होतं, सर," असे तो अगदी सहज म्हणाला आणि मोडत राहिला.

त्याच्या त्या हिशेबाने मला घरातल्या कपाटातली एक लाकडी पेटी आठवली. तिच्यात सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचा एक कॅट आहे. कॅट एकशे वीस पानांचा असावा लागतो. माझ्याकडे एकशे एकोणीस आहेत. वामनाची सत्ती घरबदलाच्या गडबडीत कुठेतरी गेली. एका पानापायी उरलेली एकशे एकोणीस पाने निकामी झाली आहेत, आणि या मुलाच्या खेळात पाने मोडण्यासाठीच येतात. पान घडवणे म्हणजे काय, या प्रश्नाला आपल्याकडे बराच जुना इतिहास आहे. त्याची थोडी उजळणी करावी असे त्या दिवसापासून मनात होते.

गंजिफा हा शब्द फारसीतून आला. हिंदुस्थानातील त्याचा सुप्रसिद्ध जुना उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो: १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसन अर्घूनकडे गंजिफा पाठवल्या, कारण त्याला त्या फार आवडत. पुढे अबुल फज्लने 'आईन-ई-अकबरी'त बारा रंगांच्या, प्रत्येकी बारा पानांच्या जुन्या खेळाचे वर्णन केले आहे. मराठी वाचकाने ते मुद्दाम वाचावे. त्यात अश्वपती आहे, गजपती आहे, गडपती आहे. आणि नरपती, म्हणजे ज्याचे बळ पायदळात आहे असा राजा, त्याचे उदाहरण म्हणून विजापूरचे सुलतान दिले आहेत. ज्या विजापूरच्या चाकरीत मराठी सरदारांची घराणी वाढली, ते असे पत्त्यांच्या वर्णनात भेटते. अकबराने या पत्त्यांत स्वतःच्या कल्पनेने फेरफार केले, अशीही नोंद अबुल फज्ल करतो. म्हणजे नवे पान कल्पिणे ही त्या काळी बादशहाने स्वतः हाती घ्यावी अशी गोष्ट होती.

अधिक प्रसार झाला तो आठ रंगांच्या मुघल गंजिफेचा: ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि किमाश. मुकुट, रुपे, तलवार, सेवक, वाद्य, सोने, हुकूमनामा, मालमत्ता. आठ रंग मिळून सरकारच्या खात्यांची यादीच होते. यातील 'बरात' मराठी दप्तरात 'वरात' होऊन आली. वरात म्हणजे महसुलावर किंवा खजिन्यावर काढलेली रक्कम देण्याची आज्ञा. आज वरात म्हटले की घोडा आणि बँडच डोळ्यांपुढे येतात, हा भाग निराळा.

मुघल खेळाचा हा साचा हाती आल्यावर इथल्या लोकांनी जे केले, त्यात मला इतिहासाचा खरा रस वाटतो. त्यांनी नियम जवळजवळ तसेच ठेवले: प्रत्येक रंगाचा राजा, त्याचा प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने, निम्म्या रंगांत दश्शी मोठी तर उरलेल्यांत एक्का मोठा, ही गमतीदार उलटापालटही राखली. बदलला तो राजा. खजिना, टांकसाळ आणि शस्त्रागार यांच्या जागी मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की आले. आठाचे दहा रंग झाले, शहाण्णवाची एकशे वीस पाने झाली. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, वामनाच्या पानांवर कमंडलू. रामाच्या पानांवर कुठे बाण, तर कुठे माकडे. हा फेरफार कोणा एका बादशहाच्या नावावर नाही. बंगालमध्ये विष्णुपूरला मल्ल राजांच्या आश्रयाने, ओडिशात चित्रकारांच्या गावांत, इकडे कोकणात सावंतवाडीला, ज्या त्या ठिकाणच्या कारागिरांनी तो आपापल्या हाताने घडवला. नवव्या अवताराच्या जागी तर प्रदेशाची सहीच दिसते: ओडिशात तिथे जगन्नाथ बसतो. आपल्याकडेही दशावतारांच्या जुन्या चित्रांत आणि शिल्पांत बुद्धाच्या जागी विठ्ठल आढळतो, हे मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना नवे नाही.

या जोडाजोडीचे टोक गाठले ते म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियार यांनी. १८३१ मध्ये कंपनी सरकारने त्यांच्या हातून कारभार काढून घेतला. राजेपद राहिले, राज्य गेले. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी ग्रंथ रचवले, पटावरचे खेळ रचले आणि 'श्रीतत्त्वनिधी' या प्रचंड ग्रंथाच्या 'कौतुकनिधी' या भागात पत्त्यांचे तेरा खेळ नोंदवले. त्यांतील सर्वांत मोठ्या खेळात अठरा रंग आणि तीनशे साठ पाने होती. ज्याच्या हाती प्रधान नेमण्याची सत्ता उरली नव्हती, तो राजा अठरा रंगांचे प्रधान कागदावर नेमत होता. यावर हसण्याचे मला धैर्य होत नाही.

सावंतवाडीचे पान कसे घडते ते येथे सांगितले पाहिजे, कारण 'घडवणे' या क्रियापदाला तिथे वजन आहे. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, तो दगडाने घोटायचा. मग गोल चकत्या कापायच्या, रंगाप्रमाणे जमीन भरायची आणि बारीक कुंचल्याने चित्र काढायचे. शेवटी लाखेचा हात. पाठ एकरंगी, कोरी. हे काम चितारी समाजाचे. सावंतवाडीची चितार आळी आज लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी ओळखली जाते, पण तेच हात गंजिफाही रंगवीत. दरबारासाठी हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीची पाने आणि सर्वसामान्यांसाठी बाजारी पाने असा दर्जाभेद हिंदुस्थानभर होताच. मात्र डाव मांडला की तो भेद पुसला जाई. तिघे खेळणारे, प्रत्येकाला चाळीस पाने. घरून कोणी काही आणायचे नाही. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. हुकमाचा रंग नाही, भिडू नाही. कोणते पान पडून गेले आणि कोणते अजून कोणाच्या हातात दडले आहे, एवढे लक्षात ठेवायचे. एकशे वीस पाने आहेत हे ध्यानात घेतले म्हणजे 'एवढे' हा शब्द किती फसवा आहे ते कळते.

मग बावन्न पानांचा छापील कॅट आला आणि स्वस्त झाला. राजाच्या जोडीला राणी आली. गुलाम आपल्या बोलीत मुघल गंजिफेतही होता आणि इथेही राहिला. (चौथ्या रंगाला आपण किलवर म्हणतो. डच भाषेत त्याच रंगाला 'क्लावर' म्हणतात, आणि सावंतवाडीजवळच्या वेंगुर्ल्यात १६३७ पासून डचांची वखार होती. या साम्यावर मी कोणताही सिद्धान्त उभारत नाही. पण ते नजरेत भरते खरे.) छापील कॅटमधले पान हरवले की लोक नवा कॅट घेऊ लागले. चिताऱ्याला मागणी राहिली नाही. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि उरलासुरला आश्रयही गेला. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला पुन्हा उभी करण्याचे मनावर घेतले, तेव्हा ती जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. त्यांच्याकडून ती इतरांनी शिकून घेतली, स्वतः राजेसाहेब आणि राणीसाहेबही शिकले. राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये कलाकार बसून पाने रंगवू लागले. त्याच सुमारास मुंबईत रूडॉल्फ फॉन लायडन हे गंजिफांचा शोध घेत हिंडत होते. १९३३ मध्ये जर्मनीतून आलेला आणि हुसेन-रझा यांच्या पिढीच्या पाठीशी उभा राहिलेला हा कलासमीक्षक. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने त्यांचे गंजिफांवरचे पुस्तक काढले. आपल्या खेळाची नोंद नीट व्हायला बर्लिनचा माणूस लागला, याची मराठी अभ्यासकांनी थोडी खंत बाळगायला हरकत नाही.

आता त्या विद्यार्थ्याच्या खेळाकडे वळू. १९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ काढला, तेव्हा पत्त्यांच्या इतिहासात एक मूलभूत बदल झाला. मध्यभागी ठेवलेला सामाईक कॅट नाहीसा झाला आणि प्रत्येक खेळाडू स्वतः जमवलेल्या पानांतून आपला कॅट बांधून आणू लागला. पाने मिळत ती बंद पाकिटांत, आत काय आहे ते ठाऊक नसताना. 'हार्थस्टोन' हा त्याच वंशातला. तिथे तीस पानांचा कॅट बांधायचा असतो, आणि कोणते पान कोणत्या पानाशेजारी ठेवले असता दोघांचे बळ वाढते, यात सारे कौशल्य आहे. म्हणजे अकबराने आणि कृष्णराजाने केलेली जोडाजोड आता कोणीही करू शकतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु डावाचा काही निकाल पाने वाटण्यापूर्वीच, दुकानात लागलेला असतो. आणि भुकटीचा हिशेब असा बसवला आहे की साध्या पानातून साधे पान घडवताना आठातली सात पाने विरून जावीत. दुर्मीळातले दुर्मीळ एक पान केवळ साध्या पानांतून घडवायचे म्हटले तर तीनशे वीस मोडावी लागतात. ही पाने कुणी रंगवलेली असतात, त्या चित्रकारांची नावेही असतात. मोडताना ती कुणाला आठवत नसावीत.

चितार आळीतले गणित उलटे होते. जुन्या कॅटांत कधी कधी एखादे पान निराळ्या हाताचे दिसते: रेषा थोडी जाड, हिरवा थोडा गडद. मूळ पान हरवले, म्हणून कोणीतरी तेवढेच एक नवे करवून घेतले. पाठ कोरी आणि एकरंगी असल्याने ते खपूनही जाई. बाकीची एकशे एकोणीस वाचावीत म्हणून एक घडवायचे.

इथवर आल्यावर मी स्वतःवर खूश होतो, हे कबूल करतो. ती खुशी त्या मुलाने पुढच्याच आठवड्यात उतरवली. मी त्याला हे सारे सांगितले, पेटी दाखवायला घरी बोलावले. त्याने रामाचा राजा उजेडात धरून पाहिला आणि विचारले, "सर, तुम्ही हे खेळता?" मी खेळत नव्हतो. सावंतवाडीहून आणल्यापासून वीस वर्षांत एकदाही खेळलो नव्हतो. नियम पुस्तकात वाचले होते. वामनाची सत्ती कोणत्या वर्षी हरवली हेही मला सांगता आले नाही, कारण पाने मोजण्याची वेळच आली नव्हती. आज सावंतवाडीच्या गंजिफा विकल्या जातात, भेट दिल्या जातात, चौकटीत बसवून भिंतीवर लावल्या जातात. खेळणाऱ्यांची संख्या मात्र बोटांवर मोजण्याइतकी. शेकडो पानांची कामे तोंडपाठ असलेला, समोरच्याच्या हातात काय उरले असेल याचा अदमास बांधणारा, असा गडी गंजिफेला हवा असतो. तो हार्बर लोकलमध्ये बसून दुसरेच काही खेळतो आहे. मी फक्त मालक होतो.

त्यानेच लग्नपत्रिकेच्या जाड कागदातून एक चकती कापली आणि तिच्यावर निळ्या बॉलपेनने सात कमंडलू काढले. कमंडलूंपेक्षा ती चहाच्या किटल्यांची चित्रे वाटत होती. तिसरा गडी म्हणून माझी पत्नी बसली. पाऊस होता, पण दिवे अजून लावले नव्हते, म्हणून उतारी रामाची ठरली. वाटताना सत्ती त्याच्याच हातात गेली. साऱ्या लाल पाठींमध्ये ती एक पांढरी पाठ आम्हां दोघांनाही स्वच्छ दिसत होती, आणि तरीही तो पाने छातीशी धरून बसला होता.