राणीची वाव आणि पोथीतली नोंद

गेल्या हिवाळ्यात दवाखाना दोन दिवस बंद ठेवून मी बडोद्याहून पाटणला राणीची वाव पाहायला गेलो. विहीर ती काय पाहायची, असे वाटले होते. उतरू लागलो आणि बोलणेच थांबले. सात मजले, सुमारे 64 मीटर लांबी, 27 मीटर खोली, भिंतीभर विष्णूचे अवतार.

अकराव्या शतकात सोळंकी राजा पहिला भीमदेव याची राणी उदयमती हिने ती बांधवली. पुढे सरस्वती नदीच्या गाळाने ती बुजली. पाटण गायकवाडांच्या राज्यात असताना, 1890 च्या सुमारास, बर्जेस आणि कझिन्स यांना तेथे मोठा खड्डा, विहिरीचा घेर व थोडे खांब एवढेच दिसले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गाळ उपसला गेला आणि 2014 साली वाव जागतिक वारसा ठरली.

मग एवढी शतके राणीचे नाव कोणी राखले? जैन आचार्य मेरुतुंगांनी. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या ‘प्रबंधचिंतामणी’त वाव उदयमतीची, अशी नोंद आहे. दगड गाळाखाली गेला, नोंद पोथीत राहिली.

आम्ही जैन श्रुतपंचमीला शास्त्रांची पूजा करतो, त्यांची वेष्टने बदलतो. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबा-पणजोबांची मोडी दप्तरे असतील. ती रद्दीत घालण्याआधी कोणा जाणत्याकडून एकदा वाचून घ्या, एवढीच विनंती.