रोव्हर्स : सिएटलमधील फ्रेंच पाककलेचे एक पर्व

रेडमंडहून वॉशिंग्टन सरोवरावरील तरंगता पूल ओलांडला, की सिएटलचा मॅडिसन व्हॅली हा भाग जवळच लागतो. तेथे ईस्ट मॅडिसन रस्त्यालगतच्या अंगणाआड, एका लहानशा लाकडी घरात ‘रोव्हर्स’ हे ख्यातनाम फ्रेंच रेस्टॉरंट होते. मायक्रोसॉफ्टने १९८६ मध्ये रेडमंडला मुख्यालय हलविले. त्याच्या पुढच्याच वर्षी शेफ थिएरी रोतुरो यांनी ‘रोव्हर्स’ हाती घेतले.

पश्चिम फ्रान्समधील सेंत-इलेर-द-लुले हे रोतुरो यांचे गाव. किशोरवयातच त्यांनी स्वयंपाकघरात उमेदवारी सुरू केली. पुढे शिकागो व लॉस एंजेलिस येथे काम करून ते सिएटलला स्थिरावले. डोक्यावरील टोपीमुळे ‘टोपीवाला शेफ’ ही त्यांची ओळख बनली.

पद्धत फ्रेंच आणि जिन्नस स्थानिक, हे ‘रोव्हर्स’चे सूत्र होते. सामन, डंजनेस खेकडा व रानअळंबी हे वायव्य अमेरिकेचे धन तेथे फ्रेंच सॉसच्या संगतीने पानात येई. अंड्याच्या कवचातच वाढलेली मऊ भुर्जी, तिच्यावर लिंबाच्या स्वादाची आंबट साय आणि कॅव्हिअर, हा तेथील गाजलेला पदार्थ होय. जेवण ठरलेल्या क्रमाने, लहान लहान वाढपांत होई.

मराठी वाचकास विशेष वाटावी अशी गोष्ट म्हणजे तेथील स्वतंत्र शाकाहारी भोजनक्रम. अभिजात फ्रेंच सॉसचा पाया बहुधा हाडांच्या अर्काचा असतो. त्यामुळे केवळ मांस वगळून शाकाहारी पान सिद्ध होत नाही. त्याची मांडणी मुळापासून करावी लागते.

१९९८ मध्ये रोतुरो यांना वायव्य विभागातील सर्वोत्कृष्ट शेफ म्हणून जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला. मात्र मोजकी मेजे, तासन्‌तास चालणारे जेवण आणि मोठा सेवकवर्ग यांचा मेळ घालणे अशा कोणत्याही रेस्टॉरंटला कठीणच असते. खवय्यांचा कलही अनौपचारिक जागांकडे वळत होता. रोतुरो यांनी २०१० मध्ये वडिलांच्या नावाने ‘लुक’ हे साधे कॅफे काढले. २०१३ मध्ये ‘रोव्हर्स’ बंद झाले आणि त्याच वर्षी गावाच्या नावाचे ‘लुले’ शहराच्या मध्यभागी सुरू झाले.

२०२३ मध्ये रोतुरो यांचे निधन झाले. एका व्यक्तीच्या हाताच्या चवीवर उभे राहिलेले ‘रोव्हर्स’ त्यांच्याआधी दहा वर्षे थांबले होते. तरी सिएटलच्या खाद्येतिहासात दोघांची नावे एकत्रच घेतली जातात.