खडकाच्या भेगांतलें पाणी

दख्खनचा दगड कठीण खरा; परंतु त्याच दगडानें एका शहराला शतकानुशतकें पाणी पाजलें आहे. मलिक अंबर यानें १६१० च्या सुमारास खडकी वसविली आणि १६१७ च्या सुमारास तेथें नहर आणिली. हीच खडकी पुढें औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झाली.

नहर म्हणजे नुसता पाट नव्हे. उत्तरेच्या डोंगरांकडून शहराकडे जमिनीच्या पोटांतून मंद उताराचा बोगदा नेला. मधून मधून मनुष्य उतरेल अशीं विवरें ठेविलीं. पावसाचें पाणी मुरतें, भेगांतून झिरपतें, बोगद्यांत उतरतें आणि उताराच्या बळावर आपोआप वाहतें. मोट नको, बैल नको.

ह्याचें मर्म खडकाच्या घडणींत आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरावर थर पसरले व निवतांना तडकले. ह्या काळ्या पाषाणाचा अखंड भाग जवळजवळ कोरडाच; पाणी राहतें तें भेगांत, मुरमांत व दोन थरांच्या सांध्यांत. म्हणूनच एका विहिरीला भरपूर पाणी लागतें, तर शेजारच्या विहिरींत तितक्याच खोलीवर ठणठणाट असतो.

फ्रान्समधील आंरी दार्सी ह्या इंजिनियरानें १८५६ सालीं वाळूंतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम प्रसिद्ध केला. भेगांचें गणित निराळें. भेगेची रुंदी दुप्पट झाली कीं, बाकी सर्व तेंच असतां, प्रवाह आठपट होतो! १९६० सालीं बारेनब्लाट प्रभृति सोव्हिएत शास्त्रज्ञांनीं युक्ति सुचविली: भेगा व त्यांमधील दगड हीं एकमेकांत गुंफलेलीं दोन माध्यमें मानावीं आणि त्यांची देवघेव मोजावी. आज संगणक जमिनीचे हजारों लहान घरांत तुकडे पाडून प्रत्येक घराचा जमाखर्च मांडतो.

हा हिशेब केवळ पाण्याचा नाहीं. वाळू पाणी गाळते. रुंद भेग फारसें गाळीत नाहीं. सांडपाणी किंवा कारखान्याचें रसायन तींत शिरलें, तर तें दूरच्या विहिरीपर्यंत वेगानें पोंचूं शकतें. त्याचा कांहीं अंश दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत दडून बसतो, आणि भेगेंतलें पाणी पुन्हां स्वच्छ झालें कीं हळूहळू बाहेर येतो. थोड्या दिवसांची घाण अशी दीर्घकाळ निस्तरावी लागते.

शहर आतां मुख्यत्वें जायकवाडीचें पाणी पितें. म्हणून पायांखालचा खडक विसरणें सोपें झालें आहे. परंतु विहिरींची पातळी व पाण्याचा गुण नियमानें नोंदल्यावांचून संगणकही आंधळाच. ज्या भेगांतून जीवन येतें, त्यांतूनच विषहि येतें. तेव्हां डोंगरपायथ्याची जमीन स्वच्छ राखणें हीच नहरीची पहिली डागडुजी होय.