‘ध’ चा ‘मा’

पोर्तुगीज दप्तरात पेडण्याचे ‘पेर्नें’ झाले आणि डिचोलीचे ‘बिचोलीं’. परक्या लिपीत आपला ‘ड’ बसेना, एवढाच त्यातला पुष्कळसा अपराध. सरकारी नोकरीत असा एखादा अक्षरबदल दृष्टीस पडला की आम्ही हसून म्हणत असू, ‘झाला ध चा मा!’ या वाक्प्रचाराचे मूळ मात्र हसण्याजोगे नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. ते अवघे अठरा वर्षांचे होते. आख्यायिका अशी की, चुलते रघुनाथराव यांनी गारद्यांना नारायणरावांस ‘धरावे’ असे लिहून दिले. पत्नी आनंदीबाई यांनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले.

थोडा विचार करावा. येथे नुसते अक्षर बदलून भागत नाही, पुढे कानाही हवा. मोडीत आधी शिरोरेषा ओढून तिच्याखाली शब्द न तोडता अक्षरे गुंफीत जातात. अशा ओळीत काना घुसविणे सोपे नव्हे. खरी अडचण याहून मोठी आहे. तो फेरफार केलेला कागदच आजवर उजेडात आलेला नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोष ठेवला तो रघुनाथरावांवर.

आनंदीबाई निर्दोष ठरल्या, असे माझे म्हणणे नाही. जे कागदाने सिद्ध झाले नाही, ते वाक्प्रचाराने सिद्ध करून टाकले, एवढेच म्हणणे आहे. अडीचशे वर्षे आपण एका स्त्रीवरील आरोप थट्टेत उच्चारीत आलो आहोत.

आपल्यालाही यात बोध आहे. १७८१ ते १७८८ या काळात डिचोली आणि पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. त्यामुळे आपल्या जुन्या घरांत मोडी कागद आहेत आणि पोर्तुगीजही. कोणत्या पूर्वजाने कोणाची जमीन बळकावली, कोणी खोटी सही केली, या कथा मात्र आपण ते कागद न उघडताच सांगतो आणि भाऊबंदकी पुढे चालवितो. पांडुरंग पिसुर्लेकरांनी मराठी आणि पोर्तुगीज कागद एकमेकांशी ताडून इतिहास लिहिला. ते आपल्याच सत्तरीतल्या पिसुर्लेचे. त्यांची शिस्त आपण घरापुरती तरी पाळावी. वाळवी लागण्याआधी पेटारा उघडावा, जाणकाराकडून कागद वाचून घ्यावेत आणि मगच पूर्वजांचा न्याय करावा.