साचा आणि कुंचला

बोटभर उंचीचा धातूचा शिपाई एका हातात धरून, दुसऱ्या हातातील बारीक कुंचल्याने त्याच्या डगल्याची बटणे रंगवीत तासन्‌तास बसलेला प्रौढ गृहस्थ दृष्टीस पडला, म्हणजे व्यवहारी माणसास सहजच हसू येते. मुलांनी टाकलेले खेळणे बापाने उचलले, एवढाच अर्थ त्याला त्यात दिसतो. परंतु या छंदामागील सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास ज्याने थोडा तरी न्याहाळला असेल, त्यास आणखीही काही दिसेल. या चिमुकल्या सैन्याच्या इतिहासात साचा कोरणाऱ्याचे नाव राहिले, कारखानदाराचे नाव राहिले. पण ज्या हाताने शिपायाच्या गालावर तांबूस छटा आणली, त्या हाताच्या धन्याचे नाव फार उशिरा उमटले. रंगविणारा हात कोणाचा, हाच या इतिहासातील महत्त्वाचा प्रश्न होय असे आम्हांस वाटते, आणि त्याच प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही तो येथे सांगणार आहोत.

कथेचा आरंभ जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात होतो. कोबुर्ग येथे १७३२ साली जन्मलेला योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट हा कथिलाचे काम करणारा कारागीर तेथे येऊन स्थायिक झाला, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच्या कारखान्यातून चपटे शिपाई मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. त्यांची कृती वरवर पाहता सोपी. पाटीच्या दगडाचे दोन तुकडे घासून एकमेकांवर बसवावयाचे, एकावर आकृतीची एक बाजू व दुसऱ्यावर दुसरी बाजू उलटी कोरावयाची, आणि दोन्ही घट्ट आवळून वरच्या छिद्रातून कथिल व शिसे यांचा रस ओतावयाचा. निघणारा शिपाई नाण्यासारखा पातळ असे. पण कोरणारा कसबी असला म्हणजे त्या नाममात्र जाडीतही छातीचा उठाव, डगल्याच्या चुण्या व घोड्याच्या मानेची कमान डोळ्यांस भासे. हिल्पर्टने प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचीही आकृती घडविली, आणि आपल्या काही कामांवर स्वतःच्या नावाची खूण कोरून ठेवली. कोरणारा हा स्वतःस कलावंत समजू लागला होता, आणि ते योग्यच होते.

१८३८ साली डेन्मार्कच्या हान्स अँडरसनने कथिलाच्या शिपायाची आपली जगप्रसिद्ध गोष्ट प्रसिद्ध केली. तीतील पंचवीस शिपाई एकाच जुन्या चमच्याच्या कथिलातून ओतलेले, म्हणून सारे एकमेकांचे भाऊ. शेवटच्याच्या वेळी मात्र रस अपुरा पडला आणि तो एका पायाचा निपजला. गोष्ट घडते ती या एकाचीच. उरलेल्या चोवीस भावांना चरित्रच नाही. साच्याच्या संस्कृतीचे मर्म अँडरसनने येथे अचूक हेरले आहे. जे सर्वांसारखे आहे त्यास आपण मोजतो. जे निराळे आहे त्याच्यावरच आपला जीव जडतो.

पुढल्याच वर्षी, म्हणजे १८३९ साली, अर्न्स्ट हाइनरिक्सेन याने न्यूरेंबर्गात आपला कारखाना काढला. तोवर निरनिराळ्या कारागिरांच्या शिपायांची उंची निरनिराळी असे. एका पेटीतला घोडेस्वार दुसऱ्या पेटीतल्या पायदळापुढे ठेंगणा दिसे. हाइनरिक्सेनने पायदळाच्या शिपायाची उंची सुमारे ३० मिलिमीटर ठरविली, आणि हेच माप ‘न्यूरेंबर्ग माप’ या नावाने इतरांनीही पत्करले. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांच्या डब्यांत भरलेला, वजनावर विकला जाणारा हा माल मग देशोदेशी जाऊ लागला. पण हजारो शिपायांस रंग कोण देई? हे काम बव्हंशी घरोघरी चाले. गरीब कुटुंबांतील बायका व मुले अल्प मजुरीवर एकेक रंग रांगेने सर्व शिपायांवर फिरवीत: आधी सगळे डगले निळे, मग सगळे पट्टे पांढरे, मग सगळे चेहरे गुलाबी. धनिकाच्या मुलाने ज्या सैन्यावर हुकूम गाजवावयाचा, त्यास गणवेश चढविणारे मूल बहुधा त्याच्याच वयाचे असे; मात्र त्याला त्या शिपायाशी खेळावयास सवड नसे.

शतकाच्या अखेरीस या धंद्याचे केंद्र लंडनकडे सरकले. १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतीव शिपाई काढला. साच्यात शिशाचा रस ओतून, कडेचा थर गोठताच आतला उरलेला रस पालथा करून काढून घ्यावयाचा, ही त्यातील युक्ती. त्यामुळे शिपाई भरीव दिसूनही हलका व स्वस्त झाला. या शिपायांची उंची ५४ मिलिमीटर असे. येथेही रंगकाम मुख्यतः स्त्रियांच्या हातचे. एकाच साच्यातील शिपायाच्या गळपट्ट्याचा, बाह्यांचा वा विजारीचा रंग पालटला की निराळी पलटण तयार होई. म्हणजे पलटणीचे वेगळेपण साच्यात नसून कुंचल्यात होते. या कारखान्याच्या यादीत मुंबई व मद्रास इलाख्यांच्या पलटणीही होत्या. ज्या मुंबई पायदळात कोकणातील व देशावरील शेतकऱ्यांची मुले भरती होत, त्याचा शिपाई लंडनच्या दुकानात मांडला जाई. आणि त्याच्या सावळ्या चेहऱ्याची छटा ठरविणारीने तसा शिपाई कदाचित जन्मात पाहिलेला नसे. आकृतीच्या पायाखालच्या पट्टीवर कारखानदाराचे नाव असे. रंगविणारीचे नाव कोठेच नसे.

हे शिपाई प्रौढांच्या हाती जाण्यास एक निमित्त झाले ते इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांचे. त्यांचे ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक १९१३ साली निघाले. कमानीच्या चिमुकल्या तोफांनी जमिनीवर लढाई खेळण्याचे रीतसर नियम त्यात आहेत, आणि खऱ्या युद्धापेक्षा हे युद्ध किती शहाणपणाचे, असा त्यांचा रोखही आहे. पुढल्याच वर्षी युरोपात खरे महायुद्ध पेटले! त्या पुस्तकाने एक गोष्ट मात्र साधली: शिपाई हाती घेण्याची लाज प्रौढ मनुष्यास वाटेनाशी होण्यास तेथून सुरुवात झाली.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात संग्राहकांची मंडळे उभी राहिली. जर्मनीत १९२४ साली ‘क्लिओ’ हे मंडळ स्थापन झाले. इंग्लंडात १९३५ साली ‘ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी’ निघाली. कुल्मबाख येथील प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथिलाच्या आकृतींचे संग्रहालय झाले; तेथे आज तीन लाखांवर आकृती आहेत. या मंडळींनी एक नवीन चाल पाडली: शिपाई बिनरंगी विकत घ्यावयाचा आणि रंग स्वतः द्यावयाचा. आमच्या मते या इतिहासातील खरी क्रांती हीच. जे काम काल मजुरीचे होते, तेच आज आनंदाचे झाले. काम तेच, कुंचला तोच. फरक एवढाच की एका डगल्यावर किती वेळ घालवावयाचा, हे आता रंगविणाराच ठरवू लागला.

त्या मोकळेपणातून कला वाढली. ३० मिलिमीटरच्या आकृतीवर पडणारा उजेड खरा असला, तरी तिच्या चुण्यांत पडणारी छाया इतकी क्षीण असते की डोळ्यांस ती जाणवत नाही, आणि एकाच रंगात बुडविलेला शिपाई दुरून निर्जीव ठिपका दिसतो. म्हणून रंगविणारा छाया स्वतः निर्माण करतो. अस्तराच्या रंगावर मूळ रंग, खोलगट जागी पातळ गडद रंग, उंचवट्यांवर क्रमाक्रमाने फिकट रंग, अशी ती रीत आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिक आले आणि दुसरे दार उघडले. इंग्लंडच्या एअरफिक्सने १९५९ पासून चिमुकले प्लास्टिकचे शिपाई स्वस्तात विकले. फ्रान्सच्या हिस्टोरेक्सने नेपोलियनकालीन शिपाई सुट्या अवयवांत दिला. आता एकाचा हात दुसऱ्यास लावावा, मान वळवावी, धावत्यास गुडघ्यावर बसवावे, असा फेरफार सुलभ झाला. त्यासाठी निळी व पिवळी अशी दोन प्रकारची लुगदी निघाली आहे. दोन्ही एकत्र मळली की हिरवी होते आणि काही तासांत दगडासारखी घट्ट बनते. तिच्यातून नवा अंगरखा, नवा फेटा, नवी झोळी घडविता येते. अँडरसनच्या शिपायाला जे वेगळेपण अपघाताने लाभले, ते येथे हेतुपुरस्सर दिले जाते.

१९७५ साली लंडनमध्ये निघालेल्या ‘गेम्स वर्कशॉप’ या संस्थेने या छंदात अद्भुत कथांतील राक्षस व योद्धे आणले, आणि १९८७ पासून ‘गोल्डन डीमन’ ही रंगकामाची स्पर्धा भरविली. तीत बक्षीस मिळते ते रंगविणाऱ्यास, आणि नाव छापले जाते तेही त्याचे. दोन शतके अनाम राहिलेला हात अशा रीतीने प्रकाशात आला. तथापि येथे आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही. हा आनंद फुरसत व पैसा असणाऱ्यांचा आहे. तयार रंगविलेल्या बाहुल्या आजही पगारी हातच रंगवितात, आणि त्यांची नावे आजही कोणास ठाऊक नसतात.

दूरच्या देशांची ही हकीकत वाचताना महाराष्ट्रीय वाचकास आपल्या अंगणातील दिवाळीचा किल्ला आठवल्यावाचून राहणार नाही. दगडमातीचा डोंगर, त्यावर पेरलेले अळीव, शिखरावर सिंहासनस्थ शिवाजीमहाराज आणि बुरुजाबुरुजांवर मावळे! हे मावळेही साच्यातलेच, आणि त्यांचे फेटे व अंगरखे रंगविणारी कुंभाराच्या घरची माणसेही तशीच अनाम. किल्ला मुले स्वतः रचतात, मावळे मात्र बाजारातून रंगवून आलेले घेतात. यंदा चार मावळे बिनरंगी आणून मुलांच्या हाती कुंचला दिला, तर काय होईल? एखाद्याची मिशी वाकडी येईल, एखाद्याचा अंगरखा हिरवा होईल. पण त्या वाकड्या मिशीच्या मावळ्यास मूल नाव ठेवील आणि त्याची गोष्ट सांगेल. शिवाय एक मावळा नीट रंगविण्यास किती वेळ लागतो हे एकदा स्वतः अनुभवलेले मूल, बाजारातल्या मावळ्याची किंमत विचारताना क्षणभर थांबेल. छंदाने सुंदर वस्तू निर्माण होतात हे खरे. पण ज्या श्रमाकडे आपण कधी पाहिले नाही त्याची किंमत कळणे, हा त्याचा त्याहूनही मोठा लाभ होय.